जकात गेली, नाका राहिला

शनिवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "भाऊजी, जरा खाली येऊन जाता का? नव्या कॉम्प्युटरला घरघर लागलीय."

वहिनी घरबसल्या इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देतात. वडाळ्याच्या आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं, कात्रक रोडवरचे चार-दोन दुकानदार, पोर्ट ट्रस्टमधून रिटायर झालेले काका, ही त्यांची गिऱ्हाइकं. ३१ जुलै जवळ आली की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा उरत नाही, सगळीकडे फॉर्म सोळा पसरलेले. जुना कॉम्प्युटर अगदीच थकला म्हणून जूनमध्ये त्यांनी साठवलेले पैसे मोडून नवा घेतला. सोळा जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, चांगल्या कंपनीचा. दुकानात बटण दाबलं तेव्हा दहा मोजायच्या आत पडद्यावर सगळं हजर. घरी आल्यावर महिनाभरात हाल असे, की वहिनी बटण दाबून कुकर लावायला जातात आणि शिटी झाल्यावर परत येतात.

"यापेक्षा जुना बरा होता हो," त्या म्हणाल्या. "तो मंद आहे हे ठाऊक तरी होतं."

मी टास्क मॅनेजर उघडला. काही चालू नव्हतं, ब्राउझरसुद्धा नाही. तरी आतला पंखा घोंघावत होता आणि यादीत वरच्या दोन जागा दोन अँटिव्हायरसनी अडवल्या होत्या. एक कंपनीने आधीच भरून दिलेला, तीस दिवसांच्या ट्रायलचा. दुसरा दुकानदाराने 'घ्यावाच लागतो' म्हणून गळ्यात मारलेला तीन वर्षांचा डबा. दोघेही जागे, दोघेही एकाच फाइलवर हात ठेवून बसलेले. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका, हे अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात. हे विकणाऱ्या माणसाने वहिनींना सांगितलं नाही. मला पहिला राग आला तो याचा.

मग एक साधी गोष्ट करून पाहिली. वहिनींच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ, चांगला जाडजूड, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला टाकला. सुसाट गेला. हिरवा आलेख छताला टेकलेला. नंतर गिऱ्हाइकांचा फोल्डर टाकला. आकाराने त्या व्हिडिओच्या निम्मासुद्धा नाही, पण त्यात हजारो बारीक बारीक फाइली: बँकेची स्टेटमेंट, फॉर्म सोळा, पॅनचे स्कॅन, झिप केलेले जुने कागद. आलेख दोन सेकंदांत जमिनीवर आला आणि तिथेच रांगत राहिला. चहाचं आधण ठेवलं, चहा झाला, प्यायलो, वहिनींनी कप विसळून पालथे घातले. फोल्डर अजून अर्ध्यावर.

हे असं का होतं ते वडाळ्यातल्या कुठल्याही जुन्या ट्रक ड्रायव्हरला कॉम्प्युटरला हात न लावता कळेल. आपल्याकडे ट्रक टर्मिनस आहे. भिवंडीहून किंवा नाशिकहून निघालेला ट्रक मुलुंडच्या जकात नाक्यावर कसा उभा राहायचा, हे इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भोगलंय. एकाच मालाची गाडी असेल तर एक कागद, एक पावती, चला पुढे. पण पार्सलची गाडी असेल, दोनशे जणांचे दोनशे डाग, तर प्रत्येक बिलावर बोट ठेवून तपासणी. इंजिन कितीही दणकट असो, नाक्यावर त्याचा उपयोग शून्य.

अँटिव्हायरस हुबेहूब हेच करतो. तो विंडोजच्या गाभ्यात, फाइली जिथून ये-जा करतात त्या वाटेवर बसलेला असतो. कुठलीही फाइल उघडा, लिहा, हलवा, ती आधी त्याच्या हातात जाते. तो ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांशी ती ताडून बघतो, झिप असेल तर आतून सोडवतो, प्रोग्राम असेल तर त्याची चाल संशयास्पद आहे का ते पाहतो, मग सोडतो. एकदा तपासलेली फाइल तो काही काळ लक्षात ठेवतो. पण खुणांची नवी यादी आली की जुन्या तपासणीवर विसंबता येत नाही, आणि ही यादी दिवसातून अनेकदा येते. मुंजीचा व्हिडिओ म्हणजे एका मालाची गाडी. वहिनींचा फोल्डर म्हणजे पार्सलची. आणि त्यांच्या रस्त्यावर नाके दोन.

मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला संपली. जीएसटी आला त्याच दिवशी. नाके ओस पडले, ट्रकवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याच आठवड्यात, चारच दिवस आधी, खाडीपल्याड एक वेगळीच रांग लागली होती. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने जगभरच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर बंद पाडले. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीला मोठा फटका बसला आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेवाचं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, अडकून पडलं. कुठला कंटेनर कोणाचा, कुठे ठेवलाय, कुठे जायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गप्प. देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदराच्या दारात माल खोळंबला. म्हणून व्हायरस ही खोटी भीती आहे, असं मी म्हणणार नाही. वडाळ्यात बसून तर नाहीच. इथली कितीतरी घरं बंदरावर आणि ट्रकांवर चालतात.

पण तो हल्ला आला कसा, हे बघा. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून तो शिरला. म्हणजे विश्वासाच्या दारातून. पुढे पसरायला त्याने ज्या वाटा वापरल्या त्यातली एक विंडोजमधली चूक होती, आणि ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने याच भोकातून शिरून जग हादरवलं होतं. तरीही जूनमध्ये असंख्य कॉम्प्युटर तसेच उघडे होते. दुरुस्ती फुकट होती. ती लावली नाही तर कपाटात कितीही डबे असून काय उपयोग?

आमच्या घराघरांत आजही हेच चालतं. विंडोजचं अपडेट आलं की "नंतर" दाबायचं, आणि अँटिव्हायरसचं नूतनीकरण मात्र न चुकता करायचं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इमारतीतल्या एका काकांनी त्यावर उपाय म्हणून तीन वर्षांचा अँटिव्हायरस विकत घेतला. भिंतीला तडा गेलाय आणि आपण दाराला दुसरं कुलूप लावतोय. काकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. ते थोडे नाराज झाले. चालेल.

अँटिव्हायरस ही गोष्ट मुळात वाईट नाही, उलट तिचा एक धागा तर आपल्या मातीतला आहे. १९९० साली भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला. फ्लॉपीतून पसरायचा, आणि ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडकवून ठेवायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय हलायचा नाही. त्या काळात ऑफिसातून ऑफिसात फ्लॉपी फिरायची आणि तिच्याबरोबर रोगही. पुण्यात रहिमतपूरचे कैलास काटकर, दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळलेले, यांच्याकडे व्हायरस लागलेली यंत्रं येत होती. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ती साफ करणारे प्रोग्राम लिहिले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातूनच क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. ही अभिमानाची गोष्ट आहे. तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं असं काही संरक्षण नव्हतंच. अँटिव्हायरस नसलेला कॉम्प्युटर म्हणजे दार नसलेलं घर. ज्यांनी तेव्हा पैसे मोजले ते योग्य कामासाठी मोजले.

मध्ये बरंच पाणी वाहून गेलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो, फुकट. सुरुवातीला तो कच्चा होता, हे खरं. पण गेल्या काही वर्षांत जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या संरक्षणाच्या चाचण्यांत तो सातत्याने वरच्या गुणांत असतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की हा आपोआप बाजूला होतो. म्हणजे वहिनींनी पैसे देऊन काय केलं? घरातला जागता राखणदार झोपवला आणि बाहेरून दोन आणले.

डिफेंडरही पिसासारखा हलका नाही, हे सांगायला हवं. तोही नाकाच आहे. फायरफॉक्स ब्राउझर चालू असताना तो प्रोसेसर विनाकारण राबवतो, अशी तक्रार २०१८ मध्ये नोंदली गेली होती. ती दूर व्हायला २०२३ चा एप्रिल उजाडला, आणि तीसुद्धा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या माणसाने मुळाशी जाऊन कारण शोधलं म्हणून. दुरुस्तीनंतर फायरफॉक्सवर काम करताना डिफेंडरचा भार सुमारे ७५ टक्क्यांनी उतरला. पाच वर्षं जगभरच्या लोकांना वाटत होतं की आपलाच कॉम्प्युटर जुना झालाय! किती जणांनी त्यापायी नवा घेतला असेल. हा विचार मला बेचैन करतो, कारण आमच्याकडे नवा कॉम्प्युटर म्हणजे कुणाच्या तरी दिवाळीच्या बोनसवर पाणी असतं.

आणि राखणदाराला गाभ्यात बसवलं की त्याची चूक आपली होते. १९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर थिजले. कुठलाही व्हायरस नव्हता. विमानतळांवर रांगा लागल्या, प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक गरजेची फाइल व्हायरस समजून उचलली होती. तेव्हाही ऑफिसंच्या ऑफिसं बंद पडली होती. जे सॉफ्टवेअर इतक्या खोल बसतं, ते निवडताना दुकानदाराच्या शब्दावर जायचं का?

'फुकट' अँटिव्हायरसचंही एक सांगतो. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करून जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये ते उघडकीला आलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातल्या गोष्टी बाहेर विकत होता. यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता वहिनींच्या घरात परत येतो. अँटिव्हायरसच्या त्या डब्यामागे अँटिव्हायरस एकटा नव्हता. व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारा, कॉम्प्युटर 'ट्यून' करणारा, ब्राउझरला चिकटलेला एक पट्टा, अशी सगळी वरात. दर थोड्या वेळाने कोपऱ्यात लाल खिडकी: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. वहिनी रिटर्नमधले आकडे टाकत असताना ती खिडकी आली की त्यांचा हात थांबायचा, छातीत धस्स व्हायचं. धोका काय होता? एक जादा सेवा त्यांनी अजून विकत घेतली नव्हती, एवढाच. घाबरवून विकणं हा धंदा नाही, ही लुबाडणूक आहे. जकातीत निदान पैसा पालिकेच्या तिजोरीत तरी जायचा. नव्या कॉम्प्युटरमध्ये ट्रायल भरून देणाऱ्या कंपन्यांना त्याचे पैसे मिळतात, आणि त्याची किंमत वहिनी रोज कुकरच्या शिट्या मोजून देतात.

आणि खरा चोर? तो आता या रस्त्याने फारसा येतच नाही. आपल्या वडाळ्यात आरटीओ आहे, त्यामुळे इथल्या लोकांना चलनाचा मेसेज आला की तो खराच वाटतो. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल येते, माणूस घाबरून ती उघडतो, फोनमध्ये ॲप बसतं, ते बँकेचे ओटीपी वाचतं, खातं रिकामं. लग्नपत्रिकेच्या नावाने तशाच फाइली फिरतात. दुसरीकडे 'डिजिटल अरेस्ट': गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणतो, आणि म्हातारी माणसं घाबरून दोन दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, मुदत ठेवी मोडून पैसे पाठवतात. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना हा इशारा द्यावा लागला. कॉम्प्युटरवरचा तीन वर्षांचा डबा यातलं काहीही थांबवत नाही. तो असला की मात्र माणसाला वाटतं, आपली सोय झाली. ही खोटी निश्चिंती मला मंद कॉम्प्युटरपेक्षा जास्त घातक वाटते.

वहिनींची परवानगी घेऊन मी दोन्ही अँटिव्हायरस काढले. नुसतं अनइन्स्टॉल करून भागलं नाही. या मंडळींच्या मुळ्या मागे राहतात. त्या काढायला त्या त्या कंपनीचं वेगळं साधन मिळतं, ते चालवलं. कॉम्प्युटर परत सुरू केला. मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर खरंच जागा झालाय ना ते डोळ्यांनी पाहिलं. ही पायरी विसरू नका. दोन्ही काढून कुणीच जागं नाही, असं होता कामा नये. राहिलेली विंडोज अपडेट लावली. पूर्ण स्कॅनची वेळ रात्रीची ठेवली. गिऱ्हाइकांच्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि डिस्क उपसून कपाटात ठेवली, कारण जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतो.

तोच फोल्डर पुन्हा कॉपीला टाकला. वहिनी सवयीने चहाला उठल्या. आधणाला उकळी फुटायच्या आत काम झालं होतं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

एवढंच होतं. पण त्यासाठी जुलैतले त्यांचे वीस-पंचवीस दिवस गेले होते, रात्री दीड-दीडपर्यंत बसून. आपण काहीतरी चुकीचं दाबलं असणार, असं त्या महिनाभर स्वतःलाच दोष देत होत्या. मला त्या दुकानदाराला आणि ट्रायल भरणाऱ्या कंपन्यांना एकच सांगायचं आहे: गिऱ्हाइकाला आधी विचारा. डिफेंडर आत आहे, तो फुकट आहे, घरगुती कामाला पुरतो, हे सांगा. त्यावरही कुणाला दुसरा हवा असेल तर खुशाल विका. ज्यांच्या घरी झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेनड्राइव्ह रोज लागतात, ज्यांची मुलं कुठूनही गेम उतरवतात, ज्यांच्या ऑफिसात दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत, त्यांना चांगला विकतचा अँटिव्हायरस घेण्याचं कारण असू शकतं. घ्यावा. एक घ्यावा.

तुम्हाला एक विनंती. आज कॉम्प्युटर चालू कराल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा आणि यादीत वर कोण बसलंय ते बघा. अँटिव्हायरसची दोन नावं दिसली तर एक आजच काढा. अपडेटला "नंतर" म्हणू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर सेव्ह करून द्या. पैसे गेल्याचं कळताच पहिला फोन तिथे करायचा, हे त्यांना शेजारी बसून सांगा.

वहिनींची सगळी रिटर्न ३० जुलैला संध्याकाळीच भरून झाली.